फ्रेंचमध्ये ‘माझा हात, माझा पाय’: अवयवांची मालकी कशी सांगायची?

फ्रेंच शिकायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच हा धडा येतो. पुस्तकात माणसाचं चित्र असतं, बाण मारलेले असतात, डोकं, हात, पाय यांची नावं पाठ होतात. मग वाक्य करायची वेळ येते, आपण ‘मी माझे हात धुतो’ असं मनात इंग्रजीत जुळवतो आणि ‘माझे’साठी ‘मे’ हा शब्द घालून मोकळे होतो. वहीवर लाल गोल येतो. खरं तर फ्रेंच माणूस इथे ‘माझे’ म्हणतच नाही.

‘डेल्फ’ या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करणारे, कॅनडासाठी टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्याच परीक्षा देणारे, शाळेत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं, सगळे याच जागी अडखळतात. माझ्या मते यात भाषेपेक्षा रस्त्याचा दोष जास्त आहे. आपल्याकडे फ्रेंच शिकवलं जातं ते बहुधा इंग्रजीतून. इंग्रजीला अवयवापुढे ‘माझा-तुझा’ लावल्याशिवाय चैन पडत नाही. मराठीला मात्र तशी गरज वाटत नाही. ‘हात धुऊन घे’, ‘डोळे मीट’, ‘कुत्रा मला पायाला चावला’ ही वाक्यं आपण रोज बोलतो, आणि फ्रेंचची घडण यांच्या फार जवळची आहे. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर आधी मराठी वाक्य मनात आणा, इंग्रजी मध्ये येऊ देऊ नका. जिथे मराठीही दगा देते, तिथे मी तसं सांगितलं आहे.

लागणारं साहित्य

- एक वही. तिच्यात दोन रकाने: अवयव, आणि त्याचं लिंग.
- लिंग दाखवणारा कोणताही बरा फ्रेंच शब्दकोश.
- ‘म, त, स, नू, व्हू, स’ या आत्मवाचक सर्वनामांचा तक्ता. पाठच असेल तर उत्तम.
- आरसा. हो, खरंच. शेवटच्या पायरीत लागेल.

इथे फ्रेंच शब्द मी देवनागरीत, कानाला जसे येतात तसे लिहिले आहेत. ‘मँ’, ‘दां’, ‘मों’ यांतले अनुनासिक नाकातून म्हणा. ‘शव्हो’, ‘झ्यो’ यांतला ‘ओ’ आपल्या ओपेक्षा वेगळा असतो, ओठ गोल करून म्हटलेला. स्पेलिंग मात्र पुस्तकातूनच उतरवून घ्या.

१. अवयव पाठ करा, पण लिंगासकट

अवयवापुढे ‘ल’ (पुल्लिंगी), ‘ला’ (स्त्रीलिंगी) किंवा ‘ले’ (अनेकवचनी) हे इंग्रजी ‘द’सारखं उपपद लागणार आहे, त्यामुळे लिंग चुकलं की वाक्य चुकलं. मराठीवरून अंदाज बांधू नका. हात आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे ‘ला मँ’ स्त्रीलिंगी. डोकं आपलं नपुंसकलिंगी, ‘ला तेत’ स्त्रीलिंगी. नाक नपुंसकलिंगी, ‘ल ने’ पुल्लिंगी. जीभ तेवढी दोन्हीकडे स्त्रीलिंगी: ‘ला लांग’.

याहून मोठा खड्डा पुढे आहे. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच असतो. फ्रेंचमध्ये मनगटापासून पुढचा पंजा म्हणजे ‘ला मँ’ आणि वरचा सगळा ‘ल ब्रा’. तसंच ‘पाय’: घोट्याखालचं पाऊल ‘ल प्ये’, वरचा पाय ‘ला जांब’. हात धुवायचा तो ‘मँ’. प्लास्टरमध्ये असतो तो बहुतेक वेळा ‘ब्रा’. गर्दीत कुणी आपल्या पायावर पाय देतो तेव्हा ‘प्ये’, आणि मोटरसायकलवरून पडून मोडतो तो ‘जांब’. पाय मुरगळतो तेव्हा तर फ्रेंचला पायाशी घेणंच नसतं, तिथे घोटा हवा: ‘ला शव्हीय’.

केसांचंही तसंच. डोक्यावरचे केस ‘ले शव्हो’, अंगावरचे ‘ले प्वाल’. हे दोन अदलाबदल केलेत तर समोरचा हसू दाबेल. बोटांच्या बाबतीत मात्र आपलं नशीब चांगलं आहे: ‘द्वा’ म्हणजे बोट, आणि ‘द्वा द प्ये’ म्हणजे पायाचं बोट, अगदी मराठीसारखं.

२. स्वतःचा अवयव नुसता हलवायचा असेल तर: फक्त ‘ल, ला, ले’

ही सगळ्यात सोपी पायरी. हात वर करणं, डोळे मिटणं, तोंड उघडणं, मान खाली घालणं. या हालचाली दुसऱ्याच्या अवयवाने करता येत नाहीत, त्यामुळे मालकाचं नाव घ्यायची गरज नाही.

- ‘लव्हे ला मँ’: हात वर करा.
- ‘फेर्मे लेझ्यो’: डोळे मिटा.
- ‘उव्ह्रे ला बूश’: तोंड उघडा.
- ‘ईल ओस लेझेपोल’: तो खांदे उडवतो.

मराठीतही इथे ‘तुमचा’ येत नाही. शाळेतले पीटीचे सर ‘आपापले हात वर’ म्हणत नाहीत, ‘हात वर!’ म्हणतात. बस, तेवढंच.

३. स्वतःच्या अवयवाला काही करायचं किंवा झालं असेल तर: मध्ये ‘म, त, स’

धुणं, घासणं, कापणं, भाजणं, मोडणं, खाजवणं. इथे क्रिया अवयवावर होते आणि ती कुणाच्याही अवयवावर होऊ शकते. हात मी माझे धुवीन, बाळाचे धुवीन. म्हणून फ्रेंच माणूस मालक सांगतो, पण अवयवाला चिकटवून नाही, क्रियापदाच्या आधी.

- ‘ज म लाव्ह ले मँ’: मी हात धुतो.
- ‘एल स ब्रॉस ले दां’: ती दात घासते.
- ‘ईल स’ए कासे ल ब्रा’: त्याचा हात मोडला.
- ‘ज म स्वी तॉर्द्यु ला शव्हीय’: माझा पाय मुरगळला.

शेवटची दोन वाक्यं पुन्हा बघा. मराठीत ‘त्याचा हात’, ‘माझा पाय’ असं षष्ठीत सांगितलंय आणि हात किंवा पाय हाच कर्ता आहे. मराठी इथे साथ सोडते. दुखापतीच्या वाक्यात फ्रेंच माणसालाच कर्ता करतं, जणू त्यानेच स्वतःचा हात मोडून घेतला. ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण तिकडे तेच सरळ बोलणं आहे. झाडावरून पडलेल्या पोरालाही ‘स कासे ल ब्रा’च लागतं.

आज्ञार्थात हे सर्वनाम मागे जातं आणि रूप बदलतं: ‘लाव्ह-त्वा ले मँ!’, आदरार्थी ‘लाव्हे-व्हू ले मँ!’. नकारात पुन्हा पुढे येतं: ‘न त रोंज पा लेझोंग्ल’, नखं खाऊ नकोस.

‘म’ गाळलात तर काय होतं? ‘ज लाव्ह ले मँ’ ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. कुणाचे हात? आणि ‘ज म लाव्ह मे मँ’ म्हणालात तर मालक दोनदा सांगितला जातो. परीक्षेत या दोन्ही चुका हटकून दिसतात.

काही क्रियापदांत अवयव पोटातच असतो, त्याचं नाव घ्यावं लागत नाही. नाक शिंकरणं म्हणजे नुसतं ‘स मूशे’, केस विंचरणं ‘स पेन्ये’. इथे नाक नि केस वेगळे घालू नका.

*केस कापण्याचा घोळ.* रविवारी सकाळी सलूनमधून आल्यावर आपण म्हणतो, ‘केस कापले’. याचं शब्दशः फ्रेंच, ‘ज म स्वी कूपे ले शव्हो’, ऐकून समोरच्याला वाटेल की तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवलीत. न्हाव्याकडून कापून घेतले असतील तर ‘फे’ हवा: ‘ज म स्वी फे कूपे ले शव्हो’. मराठीत ‘कापून घेतले’ म्हणायची सोय आहेच, तेच मनात धरा.

४. दुसऱ्याच्या अवयवाला काही केलं तर: मराठीतला ‘ला’ आठवा

हा भाग पुस्तकांत अर्ध्या पानात उरकतात आणि शिकणारे इथेच सर्वांत जास्त गोंधळतात. खरं तर मराठी माणसाचं पारडं इथे जड असायला हवं.

आपण म्हणतो, ‘त्यानं मला हाताला धरून नेलं’. ‘माझ्या हाताला’ म्हणत नाही. ‘डास मला दंडाला चावला’, ‘तिला पाठीत धपाटा घातला’. आधी माणूस, मग त्या माणसाची नेमकी जागा. फ्रेंचमध्ये डिट्टो तेच:

- ‘ईल म’आ प्री पार ला मँ’: त्यानं मला हाताला धरलं.
- ‘अं मूस्तीक म’आ पीके ओ ब्रा’: डास मला दंडाला चावला.
- ‘ल श्यँ म’आ मोर्द्यु आ ला जांब’: कुत्रा मला पायाला चावला.

ही झाली पहिली घडण: माणूस थेट कर्म, आणि अवयवाच्या आधी ‘आ’, ‘पार’, ‘स्युर’ असं शब्दयोगी अव्यय.

दुसऱ्या घडणीत अवयवच थेट कर्म होतो आणि माणूस चतुर्थीत जातो. तिसऱ्या पुरुषात या चतुर्थीचं रूप ‘ल्वी’, अनेकवचनी ‘लर’.

- ‘ज ल्वी लाव्ह ले मँ’: मी त्याचे (किंवा तिचे) हात धुतो.
- ‘ला क्वाफझ ल्वी आ कूपे ले शव्हो’: सलूनवालीनं तिचे केस कापले.
- ‘ईल म’आ सेरे ला मँ’: त्यानं माझ्याशी हस्तांदोलन केलं.

इथे मराठीत ‘त्याचे’, ‘तिचे’ येतं, फ्रेंचमध्ये ‘त्याला’, ‘तिला’. एवढं वळण मुद्दाम बसवून घ्यायला लागतं. माणसाचं नाव किंवा नातं घ्यायचं असेल तर ते ‘आ’ लावून मागे ठेवा: ‘एल कूप ले शव्हो आ सों फीस’, ती मुलाचे केस कापते.

दोन्ही घडणींतला फरक ‘मला-तुला’मध्ये दिसत नाही, कारण ‘म’ आणि ‘त’ दोन्हीकडे चालतात. तिसऱ्या पुरुषात तो उघडा पडतो. ‘कुत्रा त्याला पायाला चावला’ हे ‘ल श्यँ ल’आ मोर्द्यु आ ला जांब’, इथे ‘ल्वी’ चालणार नाही. पण अवयव थेट जोडला तर ‘ल श्यँ ल्वी आ मोर्द्यु ला जांब’. युक्ती अशी: अवयवाच्या आधी शब्दयोगी अव्यय आहे का बघा. नसेल तर ‘ल्वी’. असेल तर बहुधा ‘ल’ (उपपद नव्हे, थेट कर्माचं ‘त्याला’). बहुधा म्हटलं, कारण ‘पायावर पाय देणं’ आणि ‘खांद्यावर थाप मारणं’ या दोन्हींत अव्यय असूनही ‘ल्वी’च येतो: ‘ईल ल्वी आ मार्शे स्युर ल प्ये’, ‘ईल ल्वी आ तापे स्युर लेपोल’. तिथली क्रियापदं माणसाला थेट कर्म म्हणून घेतच नाहीत. ही दोन पाठच करून टाका.

*‘ल्वी’ केव्हा चालत नाही?* शरीराला प्रत्यक्ष काही झालं पाहिजे: स्पर्श, जखम, इलाज, निगा. नुसतं पाहणं, आवडणं, आठवणं यांनी शरीराला काही होत नाही, तिथे मुकाट्याने ‘माझा-तुझा’ वापरायचं. ‘तुझे डोळे मला आवडतात’ हे ‘ज’एम ते-झ्यो’. ‘ज त’एम लेझ्यो’ असं प्रेमपत्रात लिहिलंत तर प्रेमापेक्षा व्याकरणाचीच चर्चा जास्त होईल.

जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ शार्ल बायी यांनी १९२६ मध्ये या सगळ्या प्रकाराला माणसाचा ‘वैयक्तिक परिघ’ असं म्हटलं. शरीर हे माणसाकडे असलेली वस्तू नव्हे, तो माणूसच. हातावर काही झालं की ते माणसावर झालं, म्हणून वाक्यात माणूस पुढे. आपल्यालाही ही जाणीव आहे. गाडी ‘माझ्याकडे’ असते, पण दोन हात नि दोन भाऊ ‘मला’ असतात. फ्रेंचच्या परिघात जीवही येतो: ‘ईल म’आ सोव्हे ला व्ही’, त्यानं माझा जीव वाचवला. पुण्यात आधी जर्मन करून मग फ्रेंचकडे वळणारे बरेच भेटतात. त्यांना जर्मनमधलं ‘इश वाशं मिर दी हेंडं’ (मी हात धुतो) आठवत असेल तर ही पायरी त्यांनी आधीच चढलेली आहे.

५. दुखणं सांगणं

परीक्षेतल्या संवादात डॉक्टरचा प्रसंग नेहमीचा, आणि फ्रान्समध्ये राहायला गेलात तर व्याकरणाचा हाच भाग सर्वांत आधी उपयोगी पडतो. साचा एकच: ‘जे माल’ आणि पुढे ‘आ’सह अवयव. मराठीतल्या ‘पोटात दुखतंय’सारखं, म्हणजे दुखणं कुठे आहे ते सांगायचं, कुणाचं ते ‘जे’ने सांगून झालेलं असतं.

‘आ’ आणि ‘ल’ मिळून ‘ओ’ होतो, ‘आ’ आणि ‘ले’ मिळूनही ‘ओ’ होतो. स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच.

- ‘जे माल आ ला तेत’: डोकं दुखतंय.
- ‘जे माल ओ व्हांत्र’: पोट दुखतंय.
- ‘जे माल ओ दां’: दात दुखतायत.
- ‘जे माल आ लोरेय’: कान दुखतोय.

दवाखान्यातला संवाद साधारण असा चालतो:

— ‘उ आव्हे-व्हू माल?’ (कुठे दुखतंय?)
— ‘जे माल ओ जनू. ज स्वी तोंबे.’ (गुडघा दुखतोय. पडलो.)
— ‘लकेल?’ (कुठला?)
— ‘ल जनू द्र्वा.’ (उजवा.)
— ‘पूव्हे-व्हू प्लिये ला जांब?’ (पाय दुमडता येतोय का?)
— ‘वी, मे सा म फे माल.’ (हो, पण दुखतंय.)

एवढ्या बोलण्यात ‘माझा’ किंवा ‘तुमचा’ एकदाही आलेला नाही. हाच संवाद पाठ करून, गुडघ्याच्या जागी एकेक अवयव घालून घोटा.

आता तीन सापळे.

‘जे माल ओ कर’. ‘कर’ म्हणजे हृदय, पण या वाक्याचा रोजचा अर्थ आहे ‘मला मळमळतंय’. बस लागली, गाडीत उलटीसारखं झालं, की हे म्हणायचं. छातीत खरोखर कळ येत असेल तर याच्यावर विसंबू नका. ‘जे युन दूलर दां ला प्वात्रीन’, छातीत दुखतंय, असं स्पष्ट सांगा. फ्रान्समध्ये तातडीच्या वैद्यकीय मदतीचा क्रमांक १५, आणि सगळ्या युरोपीय संघात ११२.

‘जे माल ओ रँ’. शब्दशः मूत्रपिंडं, पण बोलण्यात कंबर. खोकी उचलून कंबर धरली तर फ्रेंच माणूस हेच म्हणतो. घाबरून किडनीच्या तपासण्या मनात आणू नका.

‘क्रीज द फ्वा’. ऐकून वाटतं यकृताचा गंभीर आजार. अर्थ असतो, सणासुदीला तुडुंब खाऊन झालेलं अजीर्ण.

दुखणारा अवयवच कर्ता झाला तर मात्र ‘माझा’ परत येतो: ‘मों दो म फे माल’, माझी पाठ मला त्रास देतेय. हे का, ते सातव्या पायरीत.

६. दिसण्याचं वर्णन

‘तिचे डोळे निळे आहेत’ याचं रोजच्या बोलण्यातलं फ्रेंच ‘एल आ लेझ्यो ब्लो’ असं. इथलं ‘आ’ हे अव्यय नव्हे, क्रियापद, म्हणजे तिच्यापाशी आहे, आणि अवयवाला ‘ले’. तसंच ‘ईल आ ले शव्हो कूर’, त्याचे केस आखूड आहेत. तात्पुरत्या अवस्थेलाही हेच: ‘जे ले मँ फ्र्वाद’, हात गार पडलेत. ‘जे ल ने बूशे’, नाक चोंदलंय. ‘जे ला तेत की तूर्न’, गरगरतंय. पावसाळ्यात ही तिन्ही लागतात.

विशेषण अवयवाच्या आधी आलं की ‘ले’ जातं: ‘एल आ द बो-झ्यो’, तिचे डोळे सुंदर आहेत. ‘ईल आ अं ग्रो ने’, त्याचं नाक मोठं आहे. वाक्प्रचार हा नियम जुमानत नाहीत. ‘ईल आ ला ग्रोस तेत’ म्हणजे डोक्यात हवा गेलीय, आणि तिथे ‘ला’ तसंच राहतं. नियमात बसणारा एक वाक्प्रचार: ‘ईल आ ल ब्रा लों’ म्हणजे त्याचे हात वरपर्यंत पोचलेत, वशिला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना लागणारं वाक्य: ‘जे लेझ्यो मारों’, माझे डोळे तपकिरी आहेत. ‘मारों’ मूळचं चेस्टनटच्या फळाचं नाव, त्यामुळे रंग म्हणून अनेकवचनातही बदलत नाही, शेवटी ‘एस’ लावायचा नाही. लेखी पेपरात यावर गुण जातात.

एखाद्याला ओळखीच्या खुणेने सांगायचं तर ‘ओ’: ‘ला दाम ओ शव्हो ब्लां’, पांढऱ्या केसांच्या बाई. आणि क्रिया करताना शरीर कसं होतं हे सांगायचं तर अवयव नुसता शेवटी ठेवून द्यायचा, जोडशब्द काही नाही: ‘ईल दॉर ला बूश उव्हेर्त’, तो तोंड उघडं टाकून झोपतो.

७. ‘माझा-तुझा’ कुठे हवाच

इतकं वाचून काही जण ‘मों, मा, मे’ला हातच लावत नाहीत. तेही चूक.

अवयव कर्ता असेल तर तो हवा, कारण मालक सांगायला वाक्यात दुसरी जागाच नसते: ‘से शव्हो पूस व्हीत’, तिचे केस लवकर वाढतात. अवयवाला वर्णनाचं विशेषण चिकटवलं तरी हवा: ‘एल फेर्म से बो-झ्यो’, ती आपले सुंदर डोळे मिटते. डावा-उजवा याला अपवाद, तिथे ‘ल’च राहतं: ‘ईल लेव्ह ला मँ द्र्वात’. पाहणं आणि आवडणं चौथ्या पायरीत आलंच: ‘मोंत्र-म्वा ते मँ’, हात दाखव बघू.

कपडे परिघाबाहेर. कोट, बूट, टोपी यांना सरळ ‘माझा’: ‘एल मे सों मांतो’, ती कोट घालते. मात्र ‘खिशात हात घालून’ म्हणताना खिसाही परिघात येतो: ‘ले मँ दां ले पॉश’.

आणखी एक. स्वरापासून सुरू होणारा अवयव स्त्रीलिंगी असला तरी ‘मा’ न लागता ‘मों’ लागतो: ‘मों-नेपोल’ माझा खांदा, ‘मों-नोरेय’ माझा कान. आणि ‘सा मँ’वरून तो हात त्याचा की तिचा हे कळत नाही, संदर्भ पाहावा लागतो.

८. भूतकाळ लिहिताना

बोलताना ही पायरी विसरलात तरी चालेल, कारण उच्चारात फरक पडत नाही. लेखीसाठी मात्र लक्ष द्या.

‘एल स’ए लाव्हे’, तिने अंघोळ केली. इथे ‘स’ म्हणजे ती स्वतःच थेट कर्म, म्हणून ‘लाव्हे’च्या शेवटी स्त्रीलिंगाचा जादा ‘ई’ लिहायचा. ‘एल स’ए लाव्हे ले मँ’, तिने हात धुतले. इथे थेट कर्म हात आहेत आणि ते मागून आले, म्हणून जादा काही लिहायचं नाही. हातांचा उल्लेख आधी झाला, जसं ‘ले मँ क’एल स’ए लाव्हे’, तर स्त्रीलिंगी अनेकवचनाची ‘ई’ आणि ‘एस’ दोन्ही लागतात.

मराठी माणसाचा हात इथे आपोआप चुकीकडे जातो. ‘तिने हात धुतला, हात धुतले, मान धुतली’: आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, कर्म कुठेही असो. फ्रेंच फक्त आधी येऊन गेलेल्या कर्माला ओळखतं. ‘फे कूपे’तला ‘फे’ कशालाच ओळखत नाही, तो कायम तसाच.

९. अनेक माणसं, एकेक अवयव

‘मुलांनी हात वर केले’. फ्रेंचमध्ये प्रत्येकाने एकच हात वर केला म्हणून एकवचन: ‘लेझांफां ओं लव्हे ला मँ’. हात धुताना प्रत्येकाचे दोन, म्हणून ‘ले मँ’. माणसं मोजू नका, एका माणसाचे किती अवयव कामाला लागले ते मोजा.

१०. सराव

सकाळी आरशासमोर जे जे कराल ते मोठ्याने म्हणा. ‘ज म ब्रॉस ले दां’, ‘ज म लाव्ह ल व्हिझाज’, ‘ज म राझ’. घरात लहान मूल असेल तर त्याचं आवरतानाही म्हणा, ‘ज ल्वी लाव्ह ले मँ’, म्हणजे तिसरी आणि चौथी पायरी एकत्र पक्की होते. तक्ते लिहून काढण्यापेक्षा याने जास्त फायदा होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ही वाक्यं उत्तरं झाकून करून बघा.

- दात घास! — ‘ब्रॉस-त्वा ले दां!’
- माझं बोट भाजलं. — ‘ज म स्वी ब्र्युले ल द्वा.’
- आजीने नातवाची नखं कापली. — ‘ला ग्रां-मेर आ कूपे लेझोंग्ल आ सों प्ती-फीस.’
- तिचे केस पांढरे झाले. — ‘से शव्हो ओं ब्लांशी.’ (केस कर्ता, म्हणून ‘से’.)
- सगळ्यांनी मान डोलावली. — ‘ईल झों तूस ओशे ला तेत.’ (एकेक मान, म्हणून एकवचन. आणि मानेच्या जागी डोकं.)
- मला मळमळतंय. — ‘जे माल ओ कर.’
- अहो, माझ्या पायावर पाय दिलात! — ‘व्हू म’आव्हे मार्शे स्युर ल प्ये!’
- माझं डोकं खाऊ नकोस. — ‘न म कास पा ले प्ये.’ (शब्दशः ‘माझे पाय मोडू नकोस’. आपल्याकडे डोकं जातं, तिकडे पाय. घडण मात्र चौथ्या पायरीचीच.)